कार्पेट धुण्याच्या मशीनचा ब्रश फिरत नाही : पट्टा मागवण्याआधी काय तपासावे?

ओसरी

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहतो. बैठकीची खोली, जिना आणि वरच्या दोन्ही खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. महिनाअखेरीस घर सोडायचे असल्यामुळे सगळे कार्पेट एकदा नीट धुऊन घ्यावे म्हणून हिवाळाभर तळघरात ठेवलेले कार्पेट धुण्याचे उभे मशीन बाहेर काढले. प्लग लावल्यावर मोटर चालते, मुठीवरचा खटका दाबला की साबणाचे पाणी व्यवस्थित फवारले जाते आणि घाण पाणीही टाकीत ओढले जाते. मात्र खालचे दोन आडवे ब्रश अजिबात फिरत नाहीत.

अनामत रक्कम कार्पेटच्या स्थितीवर अवलंबून असल्याने नुसते ओले करून पाणी ओढून घेतल्याने भागणार नाही. गणपतीत एका कोपऱ्यात सांडलेली हळद आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन-जाऊन काळवंडलेला पट्टा या दोन्ही जागा घासाव्याच लागतील. ओळखीचे लोक "बेल्ट तुटला असेल, नवा मागवा" असे सांगतात. बेल्ट महाग नाही, परंतु तो येईपर्यंत काही दिवस जातील आणि दोष दुसरीकडेच निघाला तर ते दिवस हकनाक वाया जातील. माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर, चिमटा आणि साधा मल्टिमीटर आहे. हमीची मुदत संपलेली आहे, त्यामुळे मशीन उघडण्यास हरकत नाही. घरच्या घरी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोगरा

आधी दांडा मागे झुकवून पाहिलात का? अनेक मॉडेलांत दांडा सरळ उभा असताना ब्रश मुद्दामच बंद ठेवलेला असतो, म्हणजे मशीन एका जागी उभे असताना कार्पेट घासले जाऊन झिजत नाही. शिवाय निवडीचे बटण फरशीवर किंवा सोफ्यासाठीच्या नळीवर राहिले असेल तरीही ब्रश फिरत नाही. आमच्याकडे पाहुण्यांनी नळीने गाडीच्या सीटा धुतल्या होत्या आणि नंतर बटण तसेच राहिले होते.

ओसरी

मोगरा, धन्यवाद. दांडा पूर्ण झुकवून आणि बटण कार्पेटवर ठेवूनच पाहिले आहे. दांडा झुकवला की खालून एक बारीक "टक" असा आवाज येतो, म्हणजे आतला खटका दाबला जात असावा असे वाटते. ब्रश तरीही स्थिरच राहतात.

खटपट

मी बरीच वर्षे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे सविस्तर लिहितो. "ब्रश फिरत नाही" हे केवळ लक्षण आहे, आणि त्यावरून थेट बेल्टवर बोट ठेवणे घाईचे ठरते, कारण मोटरीची शक्ती ब्रशपर्यंत कोणत्या वाटेने पोचते हे मशीनमशीनप्रमाणे बदलते. १८७६ साली मेलव्हिल बिसेल यांनी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स येथे कार्पेट झाडण्याच्या ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात वीज नव्हतीच. यंत्र ढकलले की चाके फिरत आणि चाकांच्या जोरावर ब्रश फिरत असे. तिथे तपासायच्या जागा दोनच होत्या, चाक आणि ब्रश. आजच्या मशीनमध्ये त्या वाढल्या आहेत, आणि म्हणून आधी वाट ओळखावी, मग त्या वाटेवर शक्ती कोठपर्यंत पोचते ते पाहावे.

पहिला प्रकार असा की एकच मोठी मोटर हवा ओढते, आणि तिच्याच दांड्यावरून बेल्टने ब्रश, काही मॉडेलांत पंपही, चालवला जातो. अशा मशीनमध्ये फवारणी आणि ब्रश एकदमच बंद पडले असतील, तर दोघांना शक्ती देणारा सामाईक बेल्ट आधी पाहावा. तुमच्याकडे फवारणी चालू आहे, ही महत्त्वाची माहिती आहे. दुसऱ्या प्रकारात ब्रशसाठी वेगळी छोटी मोटर असते आणि तिच्यापासून दात असलेला बेल्ट ब्रशच्या टोकावरच्या दातेरी चाकापर्यंत जातो. तिसऱ्या प्रकारात ब्रशला ना मोटर असते ना बेल्ट. हूव्हरच्या स्टीमव्हॅक मालिकेतल्या मशीनमध्ये ओढलेल्या हवेवर एक छोटी टर्बाइन फिरते आणि ती गिअरांच्या साहाय्याने लहान लहान गोल ब्रश फिरवते. अशा मशीनसाठी बेल्ट शोधत बसण्यात काहीच अर्थ नसतो.

आता चार गोष्टी पाहून कळवाव्यात.

प्लग काढून, दोन्ही टाक्या उतरवून, मशीन जुन्या टॉवेलवर आडवे करा आणि ब्रश बोटांनी फिरवून पाहा. तो दोन्ही दिशांना अगदी सैल, कसलाही भार न जाणवता फिरतो, की थोडा दम लावल्यावर बेल्टसकट जड फिरतो, की जागचा हलतच नाही? या एका चाचणीतून निम्मी उत्तरे मिळतात. अगदी सैल फिरणारा ब्रश म्हणजे बेल्ट तुटला, निसटला किंवा त्याचे दात गेले. जड पण एकसारखा फिरणारा ब्रश म्हणजे बेल्ट बहुधा शाबूत आहे आणि दोष विजेच्या बाजूला आहे. न हलणारा ब्रश म्हणजे कोठेतरी काहीतरी अडकले आहे. दोन ब्रश असतील तर दोन्ही स्वतंत्रपणे तपासा, आणि एक फिरवताना दुसरा सोबत फिरतो का तेही पाहा.

मशीन सुरू करून दांडा झुकवल्यावर ब्रशच्या बाजूने काही आवाज येतो का? गुणगुण, घरघर, टकटक आणि पूर्ण शांतता यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. जळक्या रबराचा वास येतो का? आणि मशीन बंद पडण्याआधी, म्हणजे गेल्या वेळी वापरताना, ब्रश अडखळत फिरत होता का?

कोणतीही चाचणी करताना ब्रशजवळ बोटे असतील तेव्हा प्लग भिंतीतून काढलेला असावा. केवळ बटण बंद केलेले पुरेसे नाही.

ग्रेट लेक्स

खटपट यांनी सांगितलेल्या टर्बाइनच्या प्रकाराबद्दल थोडी भर घालतो, कारण आमच्याकडे तसेच मशीन आहे आणि हा धागा शोधत येणाऱ्या इतरांना उपयोग होईल. टर्बाइनवर चालणारा ब्रश थांबला की आधी हवेचा प्रवाह तपासावा. घाण पाण्याच्या टाकीत एक तरंगता गोळा किंवा पट्टी असते. टाकी भरली की ती वर उचलली जाऊन हवेची वाट बंद करते, जेणेकरून पाणी मोटरीत शिरू नये. हवा थांबली की टर्बाइन थांबते आणि तिच्यासोबत ब्रशही थांबतो. टाकी अर्धी रिकामी असूनही हे घडत असेल तर बहुतेक वेळा फेसाचा दोष असतो. भांडी किंवा कपडे धुण्याचा साबण घातला की टाकीत फेस दाटतो आणि तरंगता गोळा पाण्याविनाच वर चढतो. कार्पेटच्या मशीनसाठी बनवलेला कमी फेसाचाच साबण वापरावा. टाकीच्या तोंडाशी असलेले रबर आणि पुढचे पारदर्शक तोंड नीट बसले नाही तरीही हवा गळते आणि ब्रश मंदावतो. गळती शोधण्यासाठी सांध्यांवर हात फिरवला की हवा कोठे खेचली जाते ते लगेच जाणवते.

ओसरी

खटपट, आपल्या प्रश्नांची उत्तरे देते. मशीनला टर्बाइन नाही, कारण तळाशी चिकटवलेल्या पत्र्यावर बेल्टचा भाग-क्रमांक छापलेला आहे. पुढचा ब्रश बोटांनी फिरवला की जवळजवळ भाराविना फिरतो, मधेच एका जागी किंचित अडतो आणि पुन्हा सैल होतो. मागचा ब्रश मात्र डाव्या टोकाशी इतका घट्ट आहे की दोन्ही हातांनी जोर लावल्यावर जेमतेम थोडासा सरकला. मशीन सुरू केल्यावर डाव्या बाजूने क्षणभर टकटक होते, मग नुसती गुणगुण ऐकू येते आणि काही वेळाने तीही थांबते. जवळ जाऊन पाहिले तेव्हा रबराचा मंद वास आला. गेल्या वेळी वापरताना जाड कार्पेटवर ब्रश अधूनमधून अडखळत होता, हेही आता आठवते.

विद्युतधारा

गुणगुण सुरू होऊन काही वेळाने थांबते, या वाक्याने माझे लक्ष वेधले. याचा अर्थ तुमच्या मशीनमध्ये ब्रशची स्वतंत्र मोटर आहे आणि ती अडल्यावर तिचा संरक्षक भाग वीज तोडतो. अशा छोट्या मोटरींत बहुधा तापमानानुसार काम करणारा संरक्षक असतो. मोटर अडून जादा प्रवाह घेऊ लागली की तो तापतो आणि मोटरीची वीज जवळजवळ बंद करतो. यातल्या काही संरक्षकांचे वैशिष्ट्य असे की मशीन चालू आहे तोवर ते गरमच राहतात आणि वीज पुन्हा सोडत नाहीत. म्हणून बटण बंद करून लगेच पुन्हा चालू केल्याने काहीच साधत नाही. प्लग भिंतीतून काढून निदान अर्धा तास मशीन थंड होऊ द्यावे. त्यानंतरच्या पहिल्या प्रयत्नात जे दिसेल तेच खरे.

मल्टिमीटर असल्याचे आपण लिहिले आहे. ब्रशच्या मोटरीपर्यंत जाणाऱ्या दोन तारांच्या टोकांवर, प्लग काढलेला असताना आणि जोडणी सोडवून, रोध मोजा. वाचन थोड्या ओहममध्ये आले आणि मोटरीचा दांडा हाताने फिरवल्यावर ते हलले, तर मोटरीचे वेटोळे आणि त्याला वीज पोचवणारे आतले कार्बनचे तुकडे शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे. वाचन अनंत आले तर कार्बन झिजले आहेत किंवा वेटोळे तुटले आहे. या मोटरी बहुधा एकदिश प्रवाहावर चालतात आणि त्यांच्या आधी वीज एकदिश करणारा छोटा भाग असतो. मोटर ठीक असूनही ती गुणगुणतसुद्धा नसेल, तर तो भाग पाहावा. तुमच्याकडे ती गुणगुणते, म्हणजे वीज पोचते आहे.

आणखी एक विचारतो. मशीन एक्स्टेन्शनवर चालवता का? अशी मोठी मशीन १२० व्होल्टवर १० ते १२ अँपिअरपर्यंत प्रवाह घेतात. बारीक तारेच्या लांब एक्स्टेन्शनमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) घटतो आणि मोटरीचा जोर कमी पडतो. नाइलाजाने वापरायचीच असेल तर १४ गेजची, तीन तारांची आणि शक्य तितकी आखूड घ्यावी. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, हे दुकानात लक्षात ठेवावे.

कवडसा

मधल्या काळासाठी एक सूचना आहे. अमेरिकेत किराणा दुकानांत आणि घरदुरुस्तीच्या मोठ्या दुकानांत अशी मशीन दिवसाच्या भाड्याने मिळतात. फक्त एक लक्षात असू द्यावे. रग डॉक्टरच्या भाड्याच्या मोठ्या मशीनमधला ब्रश गोल फिरतच नाही, तो जागच्या जागी वेगाने थरथरतो. माझ्या बहिणीने ते मशीन आणून "ब्रश फिरत नाही" म्हणून परत नेण्याची तयारी केली होती, आणि ते मशीन अगदी व्यवस्थित होते.

हळदीच्या डागावर मात्र आत्ताच कार्पेटचा तीव्र साबण ओतू नका. हळदीतला रंग अल्कधर्मी साबणाने लाल होतो आणि डाग वाढल्यासारखा दिसतो. तो भाग आधी साध्या पाण्याने टिपून घ्यावा आणि सौम्य आम्लधर्मी द्रावण एका न दिसणाऱ्या कोपऱ्यावर वापरून पाहावे. हा रंग उजेडाने फिका पडतो, त्यामुळे खिडकीचे पडदे उघडे ठेवल्याचाही थोडा उपयोग होतो.

पेठेतला

पुण्यात माझा सोफा आणि गालिचे धुण्याचा व्यवसाय आहे. आमच्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कार्पेट मुख्यतः कार्यालयांत, हॉटेलांत आणि सभागृहांत असते. तिथे आम्ही २३० व्होल्टचे मोठे मशीन आणि वेगळ्या मोटरीचा ब्रश वापरतो, म्हणून यंत्राची रचना वेगळी आहे. पण ओसरीताई, तुमच्या वर्णनातला डाव्या टोकाशी घट्ट झालेला ब्रश मी असंख्य वेळा पाहिला आहे. ब्रशच्या मधल्या भागावर गुंडाळलेले केस सगळ्यांना दिसतात आणि ते कात्रीने कापून काढले जातात. खरा त्रास टोकांना होतो. ब्रश फिरताना लांब केस आणि साडी-ओढणीचे सुटे धागे हळूहळू टोकाकडे सरकतात, टोकावरच्या टोपणाच्या आत शिरतात आणि ब्रशच्या दांड्याभोवती वेढे घेतात. त्यावर साबणाचे पाणी पडते, ते वाळते, पुन्हा ओले होते, आणि शेवटी तिथे एक घट्ट कडे तयार होते. बाहेरून ते दिसत नाही. टोपण काढल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही.

मशीन महिनोन्महिने न वापरता तळघरात राहिले असेल तर दांड्यावर गंजही चढलेला असतो. म्हणून बेल्टच्या आधी टोपण उघडा.

खटपट

पेठेतला यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ओसरी, तुमच्या उत्तरांवरून चित्र बरेच स्पष्ट झाले. विद्युतधारा यांनी सांगितल्याप्रमाणे मशीन थंड होऊ द्या आणि मग डाव्या बाजूचे बेल्टचे आवरण उघडा. उघडण्याआधी मोबाइलवर छायाचित्रे काढा. बेल्ट कोणत्या चाकावरून कसा गेला आहे आणि कोणता स्क्रू कोठून निघाला, याची नंतर हमखास गरज पडते. स्क्रूंची लांबी सहसा सारखी नसते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो प्लॅस्टिक फोडून बेल्टच्या वाटेत उतरतो.

ओसरी

आज सकाळी आवरण उघडले. जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते.

आवरणाच्या आत करड्या रंगाची ओलसर भुकटी साचली होती आणि तिच्यात रबराचे काळे, तांदळाच्या कणीएवढे तुकडे मिसळलेले होते. बेल्ट तुटलेला नाही, तो चाकांवरच होता. पण बाहेर काढून बोटांवरून फिरवला तेव्हा एका जागी, साधारण दोन बोटांच्या रुंदीत, दात पूर्ण नाहीसे झालेले दिसले. तिथला भाग गुळगुळीत आणि चकचकीत आहे, तर बाकीच्या दातांच्या कडा अजून धारदार आहेत. मोटरीचे छोटे दातेरी चाक हाताने फिरवले तर हलके फिरते. मोटरीच्या टोकांवर मोजलेला रोध थोड्या ओहममध्ये आला आणि चाक फिरवताना आकडा हलत होता.

मग मागच्या ब्रशच्या डाव्या टोकाचे टोपण काढले. आत केस, निळा रेशमी धागा आणि कार्पेटची लव यांचे घट्ट कडे बसले होते. बाहेरचे वेढे सुरीच्या टोकाने सुटले, परंतु सर्वांत आतला थर चकाकत होता आणि कडक झाला होता. तो चिमट्याने उचलता येईना. नीट पाहिल्यावर लक्षात आले की तो धागा नव्हे, टोपणातले प्लॅस्टिक घर्षणाने वितळून दांड्यावर चढले आहे. ते खरवडून काढल्यावर खाली लालसर गंजाची रेघ दिसली. आता ब्रश फिरतो, पण टोपणात थोडा हलतो, म्हणजे टोपणाचे भोक रुंद झाले असावे.

आता केवळ नवा बेल्ट मागवावा की टोपणही?

खटपट

तुम्ही इतके तपशीलवार लिहिले आहे की मशीन समोर असल्यागत सगळे कळते. टोपणही मागवा, आणि कारण सांगतो.

बेल्टचे दात एकाच जागी का गेले याचा विचार करा. बेल्ट जुना होऊन झिजला असता तर सगळेच दात सारखे बोथट झाले असते, किंवा कडेला चिरा पडल्या असत्या. तुमच्या बेल्टचे उरलेले दात धारदार आहेत. म्हणजे बेल्ट ठणठणीत होता. ब्रश टोकाशी अडला, मोटर फिरतच राहिली आणि मोटरीच्या छोट्या चाकाने एकाच जागी बेल्टचे दात खरवडून काढले. सुरुवातीची टकटक म्हणजे ते चाक उरलेल्या दातांवरून उड्या मारत होते तो आवाज. पुढच्या ब्रशला तुम्हाला जी मधेच अडणारी जागा लागली, तीही बेल्टचा गुळगुळीत भाग संपून दात सुरू होण्याची जागा असावी. बेल्ट गेल्यामुळे ब्रश थांबला असे सगळ्यांना वाटते, पण इथे ब्रश थांबल्यामुळे बेल्ट गेला आहे. आमच्याकडे दुरुस्तीस येणाऱ्या लोकांची सर्वांत मोठी तक्रार "नवा बेल्ट लावला, तोही लगेच गेला" अशी असते, आणि बहुतेक वेळा टोपणातले ते कडे तसेच राहिलेले असते. ही दुरुस्ती बेल्टच्या किमतीत बसते, तरी लोक दुसऱ्यांदा बेल्ट गेल्यावर मशीनच टाकून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रुंद झालेल्या टोपणात ब्रश तिरपा बसतो, मग बेल्टही तिरपा खेचला जातो आणि कडेने झिजतो. म्हणून टोपण बदलणे आवश्यक आहे. दांड्यावरची गंजाची रेघ बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, कापडाने पुसून कोरडी करा आणि टोपण बसवताना दांड्यावर सिलिकॉनच्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. गंजावर मारायचा स्प्रे किंवा शिवणयंत्राचे तेल इथे वापरू नका. ते पाण्यासोबत वाहून जाते, बेल्टवर उडते आणि रबर फुगवते. ग्रीसचा थेंबही बेल्टच्या दातांना लागता कामा नये.

बेल्ट मागवताना दिसण्यावर किंवा "सर्व मॉडेलांसाठी" अशा जाहिरातीवर भिस्त ठेवू नका. मशीनच्या पाठीवर किंवा तळाशी पूर्ण मॉडेल क्रमांक असतो, शेवटच्या अक्षरासकट. त्यावरूनच भाग मागवा. दातांची संख्या सारखी असूनही रुंदी किंवा दातांमधले अंतर वेगळे असले, तर बेल्ट बसतो पण पहिल्याच भाराला घसरतो. दोन ब्रश असलेल्या मशीनमध्ये काही वेळा दोन वेगवेगळ्या लांबीचे बेल्टही असतात.

विद्युतधारा

माझ्या दृष्टीने मोटर निर्दोष आहे, तिच्यावर खर्च करू नये. फक्त तिच्या जोडणीच्या टोकांवर हिरवट थर असेल तर तो साफ करून कोरडा करा.

नदीकाठ

धागा वाचत आहे आणि याच विषयावर एक प्रश्न आहे. माझ्या भावाने अमेरिकेतून परत येताना असेच मशीन नाशिकला आणले. इथे ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. हवा ओढली जाते पण ब्रश काही क्षण फिरून थांबतो. हाही बेल्टचाच दोष असेल का?

विद्युतधारा

नदीकाठ, आधी ट्रान्सफॉर्मरची क्षमता पाहा. १२० व्होल्टवर १२ अँपिअर म्हणजे साधारण १४४० वॉट भार होतो आणि मोटर सुरू होताना तो क्षणभर याहून जास्त असतो. मिक्सरसाठी घेतलेला ५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर इथे अजिबात पुरणार नाही. त्यावर दाब घसरतो, हवेची मोटर कशीबशी चालते आणि ब्रशची मोटर भाराखाली थांबते. शिवाय इतक्या भाराने तो ट्रान्सफॉर्मर धोकादायक तापेल. २००० वॉटच्या आसपासचा, आणि सांगितलेली क्षमता खरोखर देणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. चुकूनही एकदा थेट २३० व्होल्टवर लावले गेले असेल तर ब्रशच्या मोटरीआधीचा एकदिश करणारा भाग जळालेला असू शकतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते, अमेरिकेत ६०. थरथरणाऱ्या पंपाची मशीन त्यामुळे थोडी मंद फवारतात. ब्रशवर मात्र याचा फारसा परिणाम होत नाही.

पेठेतला

नदीकाठ, ट्रान्सफॉर्मर योग्य असूनही ब्रश थांबत असेल तर गालिचाही पाहा. हाताने विणलेल्या लोकरी गालिच्यावर फिरता ब्रश चालवूच नये. धागे ओढले जातात, लव विस्कटते आणि ब्रशही अडतो. काठाच्या गोंड्यांजवळ तर मुळीच नेऊ नये. अशा गालिच्याला हातानेच, गार पाण्याने धुवावे.

ओसरी

बेल्ट आणि दोन्ही बाजूंची टोपणे आली. दांडा घासून कोरडा केला, टोपण बसवले आणि बेल्ट आधी मोटरीच्या छोट्या चाकावर चढवून मग ब्रशच्या चाकावर घेतला. आवरण लावण्याआधी ब्रश हाताने दोन्ही दिशांना पूर्ण फिरवून बेल्ट सरकत नाही याची खात्री केली. मशीन सुरू केल्यावर दोन्ही ब्रश एकसारखे फिरले आणि टकटक अजिबात ऐकू आली नाही. सर्वांचे मनःपूर्वक आभार.

बैठकीची खोली आज धुऊन झाली. स्वयंपाकघराच्या दाराशी असलेला काळवंडलेला पट्टा बराच उजळला आहे. वरच्या एका खोलीत मात्र कार्पेट जाड आणि लांब लवेचे आहे. तिथे ब्रश फिरतो, पण आवाज जड होतो आणि वेग कमी झाल्यासारखा वाटतो. तो भाग तसाच रेटून धुवावा का?

खटपट

रेटू नका. लांब लवेत ब्रश खोल रुततो आणि नव्या बेल्टवर सुरुवातीलाच ताण येतो. तुमच्या मशीनमध्ये उंची बदलण्याची सोय असेल तर ब्रश एक पायरी वर घ्या. नसेल तर पुढे ढकलताना दांडा किंचित दाबून धरा, म्हणजे तोंडावरचा भार हलका होतो. त्या खोलीत आधी साध्या व्हॅक्यूमने दोन दिशांनी सुकी लव आणि केस काढून घ्या, कारण ओल्या लवेचा गुंता होऊन पुन्हा टोपणाकडेच सरकतो. फवारणी कमी, पाणी ओढण्याच्या फेऱ्या जास्त, असा क्रम ठेवा. आवाज आणखी जड झाला तर लगेच खटका सोडा आणि मशीन मागे घ्या. गुणगुण सुरू होण्याची वाट पाहू नका. तरीही ब्रश दमत असेल तर त्या खोलीत नुसती फवारणी करून हाताच्या मऊ ब्रशने घासा आणि मशीन केवळ पाणी ओढण्यासाठी वापरा.

धुतलेले कार्पेट २४ ते ४८ तासांच्या आत पूर्ण वाळले पाहिजे, अन्यथा खाली बुरशी धरण्याचा धोका असतो. पंखा जमिनीलगत लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

नव्या घरी मशीन नेण्याआधी टाक्या रिकाम्या करा, एकदा नुसते साधे पाणी फवारून नळ्यांतला साबण काढून टाका, ब्रश सोडवून दोन्ही टोपणांच्या आतले धागे काढा आणि सगळे वेगवेगळे वाळल्यावरच परत बसवा. जुना बेल्ट टाकून द्या, अडीअडचणीला म्हणून ठेवू नका. नव्या बेल्टचा भाग-क्रमांक मात्र आवरणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवा.

ओसरी

ब्रश एक पायरी वर घेतला आणि आधी व्हॅक्यूम केले. आवाज मोकळा झाला. जिन्याच्या पायऱ्यांवर मशीन बसत नाही, तिथे नळीनेच धुणार आहे.